चार डिस्कांचा भरवसा

सव्वीस वर्षे मी जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांतून रोवणीची गाणी ध्वनिमुद्रित केली. विद्यापीठाच्या एका अहवालाने त्या गाण्यांच्या बोलीला ‘अशुद्ध’ ठरवले आणि पुढल्याच महिन्यात विद्यापीठाने मुद्रणांची प्रत मागितली. मी नकार कळवला. पत्राची भाषा अतिशय शुद्ध होती.

माझी विद्यार्थिनी रंजिता प्रत मागायला तीनदा येऊन गेली. ही गाणी गाणाऱ्या एकोडी गावच्या दुर्गाबाई तिची आजी. बाई वारल्या, आवाज माझ्यापाशी राहिला. तिलाही मी ऐकवले की लिनक्सवर चार डिस्कांचा रेड संच आहे. एक मेली तरी उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातले सारे पुन्हा उभे करता येते. प्रत हवी कशाला?

यंदा नवरात्रात एक मेलीच. नवी बसवून मी पुनर्बांधणी सुरू केली. प्रणाली ती सावकाश करते. मी वेगाची मर्यादा वाढवली. शिवाय माझ्या शब्दसूचीचा प्रोग्रॅम त्याच संचावर लिहिता ठेवला. एकाहत्तर टक्के झाल्यावर जेवायला घरी गेलो. घरी एकट्याच्या जेवणाला कितीसा वेळ लागतो?

परतलो तेव्हा महाविद्यालयातल्या माझ्या अडगळीच्या खोलीत संगणकावर झेंडूचा हार होता, त्याच्या डब्याला कुंकू होते, आणि प्लग भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवला होता. शिपाई मंगरू अगरबत्ती लावत होता.

“सर, आज खंडेनवमी हाये. आमी विळ्यालेबी आज हात लावत नाई. तुमी याले काहून राबवून राहिले? दमला असंल बिचारा.”

त्या इमारतीत सव्वीस वर्षांत माझ्या कामाची एवढी आस्था कोणी दाखवली नव्हती. रागवायचे कोणावर?

यंत्र चालू केले. संच उघडेना. एक डिस्क अपुरी आणि लिहिणे अर्धवट तुटलेले, म्हणून प्रणालीने स्वच्छ नकार दिला. जबरदस्तीने उघडण्याची आज्ञा असते. तिने मजकूर बिघडलेला निघू शकतो. दुसरी प्रत असती तर ती आज्ञा द्यावी लागली नसती. मी ती दिली.

संच उघडला. पुढचे नऊ दिवस मी एकेक फाईल ऐकली. चारशे अठरा शाबूत होत्या. दुर्गाबाईंचे गाणे दुसऱ्या कडव्यात तुटले. पुढे अकरा मिनिटे नुसती खरखर.

मी रंजिताला फोन केला. काय झाले ते सांगितले, काहीही न लपवता.

“पुढचं तुला येत असेल,” मी म्हणालो.

“नाई येत, सर. आजी म्हणे, सरायनं भरून नेलं, आता कायले पाठ करतेस. मी मांगाले आलती तवा काहून नाई देल्लं?”

माझ्यापाशी उत्तर होते, विद्यापीठाला पाठवलेले. ते तिला देता येईना.

“उरलेलं घेऊन जा,” मी म्हणालो. “सगळं. डिस्क घेऊन ये.”

“पाहतो,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवाळी उलटली. ती आलेली नाही. डिस्क मीच विकत आणली आहे. प्रत तयार आहे.