धर्मराजच्या लॉनवरची पावलं

ऐरोलीतल्या माझ्या भावाच्या रो-हाऊसपुढे त्या गुरुवारी चपला काढायला जागा नव्हती. माणसं कुंपणाला चिकटून उभी, पण लॉनवर पाय ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. पाणीकपातीनं राखाडी पडलेल्या त्या गवतावर फाटकापासून नळापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. जाणारी. परतीची नव्हती.

धर्मराज, माझा धाकटा भाऊ, माघात गेला. लॉन त्याच्याच हातचं.

"मातीवर पाऊल राहतं ते माणसाचं," कुंदन महाराज सांगत होते, "गवतावर राहतं ते आत्म्याचं. आत्म्याला वजन नसतं, ओढीला असतं." मधेच ते हिंदीत जात, तिथून इंग्रजीत. 'सोल' आणि 'सिग्नल' हे त्यांचे लाडके शब्द.

मुद्दा मात्र बिनतोड वाटत होता. धर्मा होता तेव्हा आम्ही त्या लॉनवर हळदीला नाचलो होतो. पाऊल उचललं की गवत पुन्हा उभं.

आमची आई, विमलबाई, खुर्चीतून म्हणाली, "माजे धर्माचाच पाय हाय तो. मना कलतं."

महाराजांच्या आज्ञा दोन. लॉनला थेंबभर पाणी घालायचं नाही, नाहीतर धर्माची वाट पुसेल. आणि तो तहानलेला आहे तोवर त्याच्या बायकोनं, जागृतीनं, दिवेलागणीपर्यंत पाणी प्यायचं नाही. मे महिना. जागृती ओट्याशी चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडनीवर जाईल. मी विनवलं तर ती शांतपणे म्हणाली, "जाऊ दे ताई. हे येतायत ना?"

पुढच्या गुरुवारीही तोच विधी. सगळ्यांनी डोळे मिटून नाम घ्यायचं. जो उघडेल त्याच्या घरचं आणखी एक माणूस जाईल. सगळ्यांनी गच्च मिटले. मी उघडले. त्यात धाडस काही नव्हतं, मला माझा भाऊ बघायचा होता.

महाराजांचा हार सांभाळणारा शिष्य टाचा रुतवत नळाकडे चालला होता. तिथून तो फरशीवर उतरला आणि हात जोडून आमच्यात येऊन उभा राहिला. तरी मी फाटकाकडे बघत राहिले, अजून कुणी येतंय का. वेडी आशा, दुसरं काय.

सगळ्यांनी डोळे उघडले, हुंदके सुरू झाले. मी चपला काढल्या आणि लॉनवरून चालत गेले. वळून पाहिलं. माझीही पावलं तशीच उमटली होती.

महाराज सावरून म्हणाले, "त्यानंच तुमच्यात प्रवेश केलाय."

"मग इथे त्याचं पाऊल का राहत नाही?" मी म्हटलं आणि एसीच्या पाण्यानं हिरव्या राहिलेल्या कोपऱ्यात पाय दाबला. उचलला. गवत हळूहळू उभं राहिलं. शेजारची अस्मिता पुढे आली, तिनं दोन्हीकडे पाय ठेवून पाहिला. मग सगळेच पाहू लागले.

त्यात गूढ काही नाही. गवताच्या पात्यात पाणी भरलेलं असलं की ते दबलं तरी उठतं. तहानलेल्या गवतात उठायचं बळ नसतं, म्हणून पाऊल राहतं, कुणाचंही. लॉन पाणी मागतंय याची ती खूण, आणि महाराजांनी नेमकं पाणीच बंद केलं होतं.

गर्दी शिष्याच्या पायांकडे बघायला लागली, तेव्हा महाराजांना महापे गावातला दुसरा कार्यक्रम आठवला.

जागृती पावलांशी बसून राहिली. एका पावलावर बोट फिरवत तिनं विचारलं, "पाणी घातलं की ही जातील?"

"जातील."

"आणि नाही घातलं तर?"

"गवत मरेल. पावलं तरीही त्यांची नाहीत गं."

मी तांब्या पुढे केला. ती अर्धा प्यायली, थांबली, मग सगळा संपवला. आत जाऊन तिनं तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्याची बादली आणली आणि फाटकापासून सुरुवात केली. रडत रडत, पण एकही पाऊल न वगळता.

गेलेला माणूस दिसावा असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं, आजही. त्या वाटण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्याला दाखवतो म्हणणारा जेव्हा डोळे मिटायला सांगेल, तेव्हा कृपा करून ते उघडे ठेवा. आणि घरातल्या जित्या माणसाला आधी पाणी विचारा.