ओळीखालचं बोट

झूटरमेर शहरातल्या एका छोट्या कंपनीने विशाखाला दोन आठवडे दिले होते. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाइल ॲप करायचं. त्यात ‘आज’, ‘औषधं’ आणि ‘निरोप’ असे तीन टॅब, आणि बोट आडवं सरकवलं की एकावरून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे. शुक्रवारी चालवून दाखवायचं. जमलं तर नोकरी. नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, मागोमाग या परक्या देशात येऊन तिला सहा वर्षं झाली होती, आणि तिच्या अर्जांना आलेली उत्तरं सगळी नकाराच्या एकाच साच्यातली होती.

बुधवारी दुपारी टॅब बिनतक्रार सरकायला लागले. चाचणीपुरता मजकूर मराठीत टाकून तिने फोन सासूबाईंच्या हाती दिला. कुमुदिनीबाई तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या.

‘‘आई, औषधांचं पान वाचून बघा.’’

थोड्या वेळाने त्यांनी फोन खाली ठेवला. ‘‘छान केलंयस.’’

‘‘मग संध्याकाळी कोणती गोळी लिहिलीय?’’

कुमुदिनीबाई खिडकीतून रस्त्यावरच्या सायकली बघू लागल्या. ‘‘तुझं पान पळून जातं गं. माझ्याच हाताला वळण नाही.’’

सुदर्शन त्या दिवशी घरूनच काम करत होता. तो म्हणाला, ‘‘ते सरकवणं काढून टाक ना. वर नावं आहेत, ती दाबतील.’’

‘‘थरथरत्या बोटाला ती सापडत नाहीत, म्हणून तर कंपनीने सरकवणं मागितलंय.’’

‘‘मग आईला सांग, नीट वाच म्हणून.’’

‘‘पंचावन्नाव्या वर्षी बाराखडी गिरवली मी,’’ कुमुदिनीबाई म्हणाल्या. ‘‘तुझ्यासारखे छडीचे मार खाऊन नाही शिकले.’’

सुदर्शन आपल्या कामाकडे वळला.

विशाखा त्यांच्या शेजारी बसली. ‘‘पुन्हा वाचा. मी नुसती बघते.’’

त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. ओठ हलू लागले. शब्द लागला की बोट पुढे सरके. ओळ अर्ध्यावर आली आणि औषधांचं पान बोटाबरोबर उजवीकडे निघून गेलं. त्या जागी ‘आज’ आलं. चोरी पकडल्यासारखं त्यांनी बोट मागे घेतलं.

विशाखाने ते पान स्वतः शेकडो वेळा सरकवलं होतं. वाचलं मात्र एकदाही नव्हतं.

‘‘आई, हाताचं काही चुकत नाही. बोट किती लांब गेलं एवढंच माझं ॲप बघतं. किती वेगाने गेलं ते बघत नाही.’’

ती कामाला लागली. संथ बोटाला पान हलू नये, झटका दिला तरच उलटावं. पहिल्या खेपेला तिने त्यासाठीचा वेग इतका जास्त धरला की सासूबाईंच्या झटक्यालाही पान ढिम्म हलेना. वेग उतरवला, तर पुन्हा पळू लागलं. गुरुवारी दुपारी पान थांबलं खरं, पण विशाखाच्या लक्षात आलं की सासूबाई आता वाचतच नव्हत्या.

‘‘मला पाठ झाल्यात त्या गोळ्या,’’ कुमुदिनीबाई म्हणाल्या. ‘‘डोळे मिटून सांगते.’’

म्हणजे ही चाचणी खरी नव्हती. मग दर खेपेला विशाखा नवा मजकूर घालू लागली. गोळ्या संपल्या तेव्हा भाज्या आल्या, मग साताऱ्याच्या नातेवाइकांची नावं आली. सासूबाई बोट टेकवून एकेक नाव वाचत गेल्या. चहा दोनदा निवला. चारच्या सुमाराला नातेवाइकांची सगळी यादी वाचून झाली आणि पान जागचं हललं नाही. मग त्यांनी बोटाचा हलका झटका दिला, आणि ‘निरोप’ समोर आलं.

शुक्रवारी कंपनीच्या मालकीणबाई मार्लूस आपल्या वडिलांना घेऊनच आल्या. त्र्याऐंशी वर्षांचे गृहस्थ; नजर अधू, ओळींची सरमिसळ व्हायची. त्यांनी चष्मा सावरला आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं, दुसऱ्या ओळीवर आलं. पान तिथेच होतं.

‘‘कालपर्यंत आमच्याकडे जे जे दाखवलं गेलं, ते बाबांच्या हातातून निसटत होतं,’’ मार्लूस म्हणाल्या. ‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘माझ्या सासूबाई अशाच वाचतात.’’

‘‘सोमवारी नऊला येशील?’’

बाहेर ट्रामच्या थांब्यावरून विशाखाने घरी फोन लावला. कुमुदिनीबाईंनी नोकरीचं विचारलंच नाही.

‘‘पान थांबलं का गं?’’

‘‘थांबलं, आई. सोमवारपासून जायचंय.’’