आपल्या लोकांची वस्ती

"इकडे सगळे चोर," भावजींनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि फुली मारली. "इकडे पैसेवाले, म्हणजे आपल्याला नाहीच. इकडे दारुडे. आणि इकडे..." पेन्सिल शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडे, हॉस्पिटलच्या खुणेशेजारी येऊन थांबली. "इकडचं तर नावच काढू नका. चोर, दारुडे, सगळेच एकत्र."

ही फुली इतकी जोरात बसली की कागद फाटला.

घर कुठल्या वस्तीत बघायचं ते ठरत होतं, आणि जेवणाच्या टेबलाभोवती सगळे वाकून बघत होते. भावजी खुर्चीत, जाऊबाई त्यांच्या खांद्यामागे, आणि धाकटीचा नवरा असा मान डोलावत, जणू त्याच्याच हातात पेन्सिल होती. धाकटी तेवढी सिंकपाशी भांडी विसळत उभी होती. या घरात तिला धाकटीच म्हणत. कामावर मशीनवाली म्हणत. तिचं खरं नाव या देशात आल्यापासून फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं.

"भावजी, मला पहाटे कामावर पोचावं लागतं," ती पाठमोरीच म्हणाली. "पेशंट यायच्या आधी मशिनं लावून ठेवायची असतात. इथनं दोन बस बदलाव्या लागतात."

"सवय होते," भावजी म्हणाले. "सगळ्यांना झाली. आपल्या लोकांत राहावं माणसानं. अडीनडीला शेजारी हाक मारली की कुणीतरी ओ देतं. परक्या मुलखात आणखी काय लागतं?"

"बरोबर आहे दादाचं," नवरा म्हणाला.

तिनं पातेलं जरा जास्तच आवाज करून पालथं घातलं.

खरं तर या देशात ते सगळे आले होते तिच्या जिवावर. किडनीच्या पेशंटांचं रक्त धुणारी मशिनं चालवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिनं परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि इथल्या हॉस्पिटलनं तिला बोलावून घेतलं. नवरा आणि ठकू, म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक, तिच्या पदराला धरून आले. पण विमानतळावर घ्यायला भावजी आले, उतरले ते भावजींच्या घरी, आणि नवऱ्याला गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानात हाताशी घेतलं तेही भावजींनीच. तेव्हापासून कर्ते भावजी झाले आणि ती झाली धाकटी. महिना उलटला तरी तिघं जण इस्त्रीच्या टेबलाशेजारी, बॅगांच्या ढिगाऱ्यात झोपत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही उपकाराचा. ओरडायची सोय नाही.

त्याच आठवड्यात तिची बस चुकली.

पहिली बस वेळेआधीच निघून गेली होती. ती धावतपळत वॉर्डात पोचली तेव्हा एक म्हातारबुवा खुर्चीत ताटकळत बसले होते. उभा जन्म त्यांनी बागकाम केलेलं, हातांच्या भेगांत अजून माती. पाय सुजून बूट चढत नव्हते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मशीन कोरडं ठाक. तिनं हात धुतले, नळ्या जोडल्या, पाणी तपासलं. हात सराईत होते. म्हातारबुवांचा श्वास सरळ झाला तेव्हा कुठे तिचा झाला.

हेडनर्सनं तिला बाजूला घेतलं. "बस थांबत नाही तसं यांच्या अंगातलं पाणीही थांबत नाही. फुप्फुसात चढतं. तुझं काम चांगलं आहे म्हणून आज गप्प बसते. पुन्हा झालं तर मला वर सांगावंच लागेल."

हेडनर्सचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. राग कुणावर काढावा? बसवर, भावजींवर, की रोज सकाळी ती अंधारात बूट चाचपडत असताना कूस बदलून झोपणाऱ्या नवऱ्यावर?

कामाची पाळी संपली, तशी ती बसस्टॉपकडे न वळता सरळ त्या फुली मारलेल्या वस्तीत शिरली.

वस्ती कसली, साधेसुधे रस्ते. एक पाव भाजणारा, एक केस कापणारा, गॅलरीत वाळणाऱ्या चादरी, एका दारात पाय पसरून बसलेलं मांजर. चोर असतील तर तेव्हा झोपले असावेत. कोपऱ्यावर घरं भाड्यानं देणाऱ्या एजंटाचं ऑफिस होतं, आणि काचेत दोन खोल्यांच्या घराची पाटी. ती आत गेली.

एजंट तरुण होता, हसरा, बोलायला साखरेसारखा. तिनं मोडक्यातोडक्या भाषेत पाटी दाखवली.

"ते गेलं हो. आजच."

"पाटी आहे अजून."

"काढायची राहिली." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि आवाजात माया आणून म्हणाला, "तुमच्या भल्याचं सांगू? तुम्ही पश्चिमेकडे बघा. तिकडे तुमची बरीच माणसं आहेत. आपल्या लोकांत बरं वाटतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर परवडलं असतं, शिवीला उत्तर असतं. या मायेला काय उत्तर द्यायचं? आणि शब्द तेच! थेट भावजींच्या तोंडचे.

"मला कुठं बरं वाटतं ते मी बघीन," ती म्हणाली, पण मराठीत. तो हसतच राहिला. बाहेर येऊन तिनं वळून पाहिलं, तर पाटी काचेत तशीच होती.

पुढचा रस्ता रागातच तुडवला गेला. बूट दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या दारावर हातानं लिहिलेला कागद होता: वर जागा रिकामी आहे. आत एक जाडजूड बाई तोंडात खिळे धरून टाच ठोकत होती.

"कुत्रा?" बाईनं खिळे न काढताच विचारलं.

"नाही."

"वाद्यं-बिद्यं वाजवता?"

"नाही. मुलगी मोठ्यानं हसते."

"हसू दे. पण माझा हातोडा उजाडल्यापासून चालतो, आधीच सांगते."

"उजाडताना मी कामावर असते. हॉस्पिटलात."

बाईनं खिळे काढून तळहातावर घेतले. "मग मुलीची न्याहारी कोण बघणार?"

या देशात येऊन तिला हा प्रश्न विचारणारी ही पहिलीच व्यक्ती होती. घरच्यांना कधी सुचला नव्हता.

"नवरा आहे ना," ती म्हणाली.

"असतात," बाई म्हणाली. "उद्या घेऊन या त्यांना. तोवर दारावरचा कागद काढून ठेवते."

वरच्या दोन खोल्यांना चामड्याचा वास होता. भिंतीला ओल होती, पण खिडकीतून हॉस्पिटलचं छप्पर दिसत होतं. घरी जाताना, कितीतरी दिवसांनी, ती बसमध्ये जागी राहिली. नवऱ्याला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

दार उघडलं ते जाऊबाईंनी. त्यांच्या मागे इस्त्रीच्या टेबलाची खोली मोकळी भकास पडली होती. बॅगा नाहीत, अंथरुणं नाहीत, ठकूचं दप्तरसुद्धा नाही.

"गेलं सगळं!" जाऊबाई हसत म्हणाल्या, पण डोळे चुकवत होत्या. "तीन गल्ल्या सोडून घर मिळालं. ह्यांच्या दोस्ताचं. दुपारीच टेम्पो केला. म्हटलं, तू दमून येतेस, तुला आयतंच."

ती गेली. नव्या घराचं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात तिची भांडी दुसऱ्याच कुणाच्या हातानं लागलेली. नवरा जमिनीवर बसून पलंगाचे स्क्रू पिळत होता. ठकू एका बॅगेवर गप्प बसली होती, आणि भावजी मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते.

"कशी वाटली जागा?"

"कुणाला विचारून?"

"आता विचारायचं काय त्यात? आपल्या माणसाचं घर आहे. लोक वर्ष वर्ष वाट बघतात."

"मला विचारलं का कुणी?"

"ह्याला विचारलं."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं स्क्रूकडे पाहिलं. "दादा म्हणाला, आजच टेम्पो मिळतोय..."

"मला फोन मिळत नव्हता?"

"आवाज खाली," भावजी म्हणाले. "शेजारी आपले लोक आहेत."

"आपले आहेत ना? मग ऐकू देत!" इतक्या दिवसांचा गिळलेला आवाज एकदम फुटला. जाऊबाई मागोमाग येऊन दारातच थबकल्या. "भावजी, तुम्ही आम्हाला घरात घेतलं, ते मी जन्मात विसरणार नाही. पण ह्या देशात आम्हाला राहू देतायत ते माझ्या ह्या दोन हातांमुळे. ती नोकरी गेली ना, की हे घर काय आन् ते घर काय, चला परत! आज एक म्हातारा माझ्या खुर्चीत मरता मरता वाचला. बस चुकली म्हणून. तुम्ही नकाशावर फुल्या मारत होतात तेव्हा तो म्हातारा त्या नकाशावर कुठं होता?"

मग भावजी बोलले, आणि त्यांचा आवाज ओळखू येईना.

"मी राहिलोय त्या वस्तीत. पहिल्या वर्षी. रोज सकाळी दारावर थुंकलेलं असायचं. रोज. मी कामावर निघून जायचो आणि ही पुसायची. दिवस होते हिला." त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. "फुली मारायची हौस नाही मला."

जाऊबाईंचा चेहरा धाकटीनं पाहिला, आणि ही गोष्ट खरी आहे हे विचारायची गरज उरली नाही. पण राग विझला नाही. उलट तो आता आणखी लांबवर पोचला.

"मग हे सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "चोर, दारुडे काय सांगत बसलात? हे सांगितलं असतं तर मी तुमच्या पायाशी बसून ऐकलं असतं. आज तिथल्या एजंटानं मला काय सांगितलं माहितीये? आपल्या लोकांत राहा, बरं वाटेल. तुमचेच शब्द. त्याला मी तिकडे नकोय, तुम्हाला मी इकडे हवीय, आणि दोघंही माझ्या भल्यासाठीच! मला काय हवंय ते कुणी विचारायचं?"

"थोडे दिवस राहून बघू," नवरा हळूच म्हणाला. "नाही जमलं तर मग..."

"तू सांग. तुला काय हवंय? दादाला नाही, तुला."

त्यानं तोंड उघडलं. भावजींकडे एकदा पाहिलं. मग मिठाची गुळणी धरल्यासारखा पुन्हा स्क्रू पिळायला लागला.

तिला उत्तर मिळालं.

सुटीच्या दिवशी ती ठकूला आणि दोन बॅगा घेऊन बूट दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोल्यांकडे निघाली. नवरा दुकानात होता. सकाळी तो लवकरच गेला होता, न्याहारीही न करता. गल्लीच्या टोकाशी मागून चपला वाजल्या. जाऊबाई होत्या. एक शब्द न बोलता त्यांनी जड बॅग हातातून घेतली आणि बसस्टॉपपर्यंत आणली.

बस दिसल्यावर त्यांनी धाकटीचं मनगट पकडलं. "कुणी थुंकलं, तर पुसत बसू नकोस. ओरड. सगळी गल्ली गोळा कर." त्यांनी मनगट आणखी आवळलं. "मी ओरडले नाही. शेजारी काय म्हणतील म्हणून आवाज न करता पुसत राहिले. अजून राग येतो मला."

"वहिनी, तुम्ही पण चला एकदा. बघायला."

"नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "त्या रस्त्यानं माझे पाय उचलायचे नाहीत." आणि बस सुटेपर्यंत ठकूला हात हलवत उभ्या राहिल्या.

दारावर कुणी थुंकलं नाही. समोरची बाई नमस्कार केला की तोंड फिरवायची, केस कापणारा मात्र ठकूला चिडवून हसवायचा. जग असं थोडं थोडं दोन्हीकडे वाटलेलं होतं. सकाळी ठकू खालच्या दुकानात, हातोड्याच्या ठोक्यांवर पाय हलवत दूध-पाव खायची आणि मग शाळेत जायची. म्हातारबुवा यायचे तेव्हा मशीन तयार असायचं. "मशीनवाली, आज तर तू माझ्याही आधी," ते म्हणायचे. नवरा रोज फोन करायचा, तोही ठकूशी बोलायला. फोन तिच्या हातात आला की दोघंही हवेबद्दल बोलायचे. ती दात आवळून बोलायची.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. दारात नवरा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, हातात फळांची पिशवी. कुणाकडे पाहुणा म्हणून जाताना तो असाच तयार व्हायचा.

"दादाला विचारून आलास?" तिनं विचारलं. टोचावं म्हणूनच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "येताना सांगितलं. परवानगी नाही मागितली."

ठकूनं त्याला हाताला धरून घर दाखवलं: ही खिडकी, हे आईचं हॉस्पिटल, ही माझी झोपायची जागा. तो ओलीच्या डागावर बोट फिरवून म्हणाला, हे मी नीट करून देईन. मग तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, दोन खुर्च्यांकडे आळीपाळीनं बघत.

"कुठं बसू?"

"बस कुठंही."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. तिनं चहा टाकला, गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी बशी दिली नव्हती; बशी पाहुण्यांना. आज कपाखाली बशी होती.

त्यानंही ती पाहिली. दोन्ही हातांनी कप उचलला आणि चहा सांडणार नाही असा जपून, हळूहळू पीत राहिला.