जमिनीवरून कुणी पडत नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी जमीन आहे. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या इनुइट गावात औषधालाही झाड नाही, पण सभागृहात मी चाळीस वर्षं पसरले आहे. माझ्या फळ्या उन्हाळ्यात, समुद्रावरचा बर्फ फुटल्यावर, बोटीने आल्या.

माझ्यावर बाळं रांगली, लग्नं नाचली, ढोल घुमले. आणि शिकार आली की विचारूच नका! मधोमध पुठ्ठे, त्यांवर गोठलेलं हरीण, भोवती सारा गाव. ज्याने त्याने आपला तुकडा आपणच कापायचा. वाढपी नाही, म्हणून पहिली पंगत नाही, शेवटचीही नाही.

मग दक्षिणेकडून ग्रेंजर साहेब नकाशा घेऊन आले. "मधली एवढी जागा वाया जातेय," म्हणाले. नमुन्याला खुर्च्यांच्या तीन रांगा त्यांनी माझ्यात बोल्टांनी ठोकल्या. गावाने हो म्हटलं की उरलेल्या बारा.

पुढच्या जेवणाला मांस टेबलावर गेलं. दोघी वाढू लागल्या. मागच्या रांगेला हाडं आली.

"मला पुढच्यांच्या नुसत्या मानाच दिसताहेत," म्हातारी उलायुक म्हणाली.

त्यानंतर लोक आपापला वाटा घरी नेऊ लागले. शिकारीच्या दिवशी मी गार पडून राहू लागले.

निर्णयाच्या सभेला उलायुक हरणाची तंगडी ओढत आली. सोबत सहा वर्षांची कनायुक. त्या पोरीला म्हातारीच्या मेलेल्या आईचं नाव दिलेलं, म्हणून आमच्या रीतीने ती म्हातारीची आईच.

"आई, पुठ्ठा धर गं."

"कुठे घालू, लेकी?"

"इथेच, साहेबांच्या पुढ्यात."

उलायुक बसली, तिने सुरी चालवली. एकेक जण खुर्चीवरून घसरत खाली आला. शेवटी वर साहेब एकटेच, हातात रिकामी बशी.

"ये की रे खाली," उलायुक म्हणाली. "जमिनीवरून आजवर कुणी पडलेलं नाही!"

हशा पिकला. साहेब गुडघ्यांवर आले. कनायुकने त्यांना दटावलं, "सुरी अशी नाही धरायची, बाळा!" त्यांनी तुकडा कापला, मान वर केली, आणि थांबलेच.

"इथून सगळे दिसतात," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोल्ट त्यांनी स्वतः काढले.

भोकं अजून आहेत. मुलं त्यांत खडे भरतात, भरोत. माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो: येताना बूट बाहेर काढा, सांडलं तर पुसा. आणि माझा मधला भाग रिकामा दिसला, तर भरायची घाई करू नका. तिथे पुठ्ठा यायचाय.