दोन घोटांचं ‘छान’

मी बोलतोय, दोन घोटांचा ग्लास. हो, दोनच. तिसरा घ्यायला गेलात तर नुसती काच ओठाला लागते. औषधाचं माप, बाहुलीचा पेला, सगळी नावं ठेवून झालीत मला. हसून घ्या. पण एक अख्खं दुकान माझ्या या दोन घोटांत बुडालं, तेवढं ऐकून जा.

काचेच्या कारखान्यातून चार डझन भाऊ एका खोक्यात निघालो. काही वाटेत फुटले, काही धुताना गेले, दोघा-तिघांना गिऱ्हाइकांनी खिशात घालून नेलं. आज मी एकटा उरलोय, तोही काठाला टवका उडालेला.

आम्हाला विकत घेणारा माणूस बियर करायचा. ‘करतो’ नाही म्हणायचा, ‘शिजवतो’ म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकं त्याला आचारी म्हणत. बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत त्याचं दुकान होतं. मागे स्टीलच्या टाक्या, पुढे लांब लाकडी ओटा, ओट्यावर सहा नळ. मोड आणून भाजलेला सातू मोठ्या हंड्यात उकळायला लागला की समोरच्या फुटपाथवरची माणसं थबकायची. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण, ताई. धंदा बियरचा, पण ताईने जन्मात थेंब चाखला नाही. “मला सगळ्यांचा वास सारखाच घाण येतो,” असं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायची, आणि गिऱ्हाइकं खो खो हसायची.

आचाऱ्याचा एक नियम होता. खडूने फळ्यावर लिहिलेला: ‘चाखणं फुकट. पण खरं सांगायचं.’

म्हणजे नवा माणूस आला की आधी मी पुढे व्हायचो. दोन घोट घ्या, आवडली तर मोठा ग्लास घ्या, नाही आवडली तर शिव्या घाला. आचारी “कशी आहे?” असं कधीच विचारायचा नाही. तो ओट्यावर कोपरं टेकून चाखणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. लोकांना वाटायचं, काय हौशी माणूस आहे! हौस कसली आलीय? गरज होती ती.

तीन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. जिभेला गोड कळायचं, कडू कळायचं, आंबट कळायचं. वास मात्र शून्य. बियर शिजवणाऱ्याला वास येत नाही म्हणजे काय, तुम्हीच सांगा! हे फक्त ताईला ठाऊक होतं, आणि मला. रोज सकाळी तो मला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि गुपचूप खाली ठेवायचा.

त्यामुळे लोकांची तोंडं हेच त्याचं नाक झालं होतं. त्यातही एक तोंड खास. समोरच्या शिवणाच्या दुकानातल्या बाई. दर गुरुवारी मशीन बंद करून, गळ्यात टेप तशीच ठेवून यायच्या. घोट घेतला की त्यांची डावी भिवई बोलायची. वर गेली की बियर नापास. एकदा म्हणाल्या होत्या, “ही बियर आहे की फडकं पिळलेलं पाणी?” आचाऱ्याने ती अख्खी टाकी मोरीत सोडली आणि बाईंना वाकून नमस्कार केला. नंतर बाई स्वतःच्या पैशाने मोठा ग्लास घेऊन निवांत बसायच्या. काळी बियर, पाय स्टुलाच्या दांडीवर, तासभर. खडूस बाई, पण काय रुबाब होता हो!

मग मंदी आली. माझ्यासारख्याला मंदी काय कळणार? मला मोठ्या ग्लासांवरून कळली. वरच्या चौकातल्या कचेरीने दोन मजले रिकामे केले, आणि मोठ्या ग्लासाची गिऱ्हाइकं अर्ध्या ग्लासावर आली. पुढे दोघांत मिळून अर्धा. काहीजण म्हणायला लागले, “घरी बियरचा डबा फोडलेला बरा, स्वस्तात पडतो.” ते गेले ते गेलेच. जे उरले त्यांना उठून घरीही जायचं नव्हतं. घरी जाऊन बायकोला काय सांगणार? ते फळ्याकडे बोट दाखवायचे. “जरा ती काळी चाखू का? आणि ती लाल?” सहाही नळ चाखले की पाऊण ग्लास होतो. हिशेब सगळ्यांना पाठ होता.

मोठे ग्लास फळीवर धूळ खात बसले आणि मला कोरडं व्हायला उसंत मिळेना. आधी मी चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? वाटलं, बघा, शेवटी मान कोणाला आहे! मूर्ख मी.

कारण लोकांची तोंडं बदलली होती. पूर्वी दहातले चार नाक मुरडायचे. आता सगळे एकाच सुरात, “छान. मस्त. एक नंबर.” घोट घ्यायच्या आधीच म्हणायचे. ताई एकदा बोलली, “अरे, ही माणसं पाणी दिलं तरी छान म्हणतील. तो फळा पूस.”

“तो माझा शब्द आहे, ताई. आणि बाई आहेत ना.”

बाईंचं काय चाललं होतं ते मात्र त्याने पाहिलं नव्हतं. नवे कपडे शिवणारं कोणी राहिलं नव्हतं. जुने उसवून सैल करायचे, आणि नंतर तेही नाही. बाईंनी दोनातलं एक मशीन विकलं. गुरुवारी त्या येत राहिल्या, पण मोठा ग्लास बंद झाला. पहिल्यांदा नुसतं चाखून उठल्या त्या दिवशी त्यांनी मला खाली ठेवायला किती वेळ लावला! बोटं थंडगार होती.

त्यातच नव्या खानावळीचा मालक आला. उद्घाटनाला चाळीस पिंपं हवी होती, आवडली तर दर महिन्याला घेणार. आचाऱ्याचे डोळे लकाकले. ताईने तर त्या मालकाला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. उरलासुरला सगळा सातू त्या एका खेपेत पडला. हे जमलं तर दुकान राहणार होतं, नाही तर शटर. दोघांनाही हे पक्कं माहीत होतं, म्हणून दोघंही ते बोलत नव्हते.

टाकीच्या झडपेचं रबर झिजलं होतं. पुढच्या महिन्यात बदलू, असं चार महिने चाललं होतं. त्या फटीतून काहीतरी आत शिरलं.

नळातून पहिली धार माझ्यात पडली आणि मी हबकलो. मलमपट्टीचा वास! दवाखान्याच्या ओल्या बोळ्याचा! रंग सुरेख, फेस सुरेख, जिभेवर गोड-कडू अगदी चोख, म्हणून आचाऱ्याला शंकाही आली नाही. मला ओरडायचं होतं. काचेला कुठून आलाय गळा?

सहाजणांनी चाखली. “छान.” “वा!” एकाने तर अंगठा दाखवला. आचारी बाईंची वाट बघत होता. गुरुवारच होता. बाई आल्या, मला उचललं, घोट घेतला.

भिवई ताडकन वर गेली. मी काठावरून बघितली. आणि मग, देवाशप्पथ, त्यांनी ती जोर लावून खाली आणली. फळीवरच्या मोठ्या ग्लासांकडे एकदा पाहिलं, मला हळूच ठेवलं.

“छान झालीय,” म्हणाल्या.

“ताई, ऐकलंस? बाई छान म्हणाल्या!” आचाऱ्याने ओट्यावर थाप मारली. “चला, भरा पिंपं!”

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो सगळी पिंपं घेऊन परत आला. ड्रायव्हर बिचारा खाली बघत म्हणाला, “मालक म्हणाले, दवाखान्यासारखा वास मारतेय. लोकांनी थुंकून टाकली.” आचाऱ्याने एक पिंप फोडलं, मला भरलं, नाकाशी धरलं. मग भरलेला मी हातात तसाच धरून तो रस्ता ओलांडून गेला.

“बाई, तुम्हाला वास आला नव्हता?”

बाईंनी मशीन थांबवलं. “आला होता.”

“मग?”

“फुकटचं पिऊन नावं कशी ठेवू हो? पैसे टाकत होते तेव्हा तोंड होतं मला. मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल, तुम्ही एवढे जाणकार.”

“मला वास येत नाही, बाई. तीन वर्षं झाली. तुमच्या भिवईवर शिजवत होतो मी.”

बाईंच्या हातातलं कापड खाली पडलं. मला मशीनवर ठेवून तो निघून गेला, आणि मी तिथेच राहिलो.

शटर महिन्याभरात उतरलं. टाक्या भंगारात गेल्या, मोठे ग्लास डझनावारी विकले गेले. फळा ताईने घरी नेला म्हणतात. आचारी आता एका गोदामात सोड्याची खोकी उचलतो. माझ्यात बाईंच्या टाचण्या असतात. बरं आहे तसं. टाचण्या खोटं बोलत नाहीत.

तुमच्याकडे माझं एकच मागणं होतं. कोणी प्रेमाने काही चाखायला दिलं आणि ते बिघडलेलं असलं, तर भिवई दाबू नका. पण हे मी कोणत्या तोंडाने मागू? मागच्याच आठवड्यात आचारी आला होता. वाळून निम्मा झालाय. पँटची कंबर कमी करून हवी होती. बाईंनी उभ्या उभ्या करून दिली आणि पैशाला हात लावला नाही.

त्याने आत जाऊन पँट चढवली, बाहेर आला. मला बघितलं. सवयीने टाचण्यांसकट उचलून नाकाशी नेलं आणि ठेवून दिलं.

बाईंनी विचारलं, “कंबर बरोबर बसली का? खरं सांगा.”

“छान बसलीय,” तो म्हणाला.

आणि रस्ता ओलांडताना दोनदा थांबून त्याने ती वर ओढली. बाई दारातून बघत होत्या.