बिनआवाजाचा वारा

पंखा बसवला त्या दुपारी मी त्याच्याखाली पाठीवर पडून राहिलो. तीन पांढरी पाती, आवाज शून्य. ऊन पडद्यातून आत येत होतं आणि पडदा निळा असल्यामुळे आमची एकुलती एक खोलीपण निळी झाली होती. वाटलं, आपण तळ्याच्या तळाला पडलोय आणि वर कोणीतरी हळूहळू पाणी ढवळतंय.

माय दारात उभी राहून वर बघत होती.

"हाऊ चालू शे का?" तिनं विचारलं.

हा पंखा चालू आहे का. सुरतच्या पांडेसऱ्यात आतापर्यंत शंभरेक जणांनी मला हेच विचारलंय. कोणी अहिराणीत, कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत.

माझं कामच ते आहे. कमी वीज खाणारे पंखे मी घरोघर जाऊन विकतो आणि बसवून देतो. शिकलो मोबाईलवर व्हिडिओ बघून, आणि पहिले दोन पंखे जाळून. साधा पंखा पंच्याहत्तर वॅट खातो, हा अठ्ठावीस. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक खूश व्हायला पाहिजे, असं मला सुरुवातीला वाटायचं.

"अठ्ठावीस? आमच्या मोरीतला बल्ब जास्त खातो," लोक म्हणतात. "हा काय वारा देणार?"

लोकांच्या डोक्यात पंखा म्हणजे जेवणारा माणूस आहे. कमी जेवला तर कमी राबणार. रिमोट मात्र सगळ्यांना आवडतो. रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावतात. खोक्यावरचे वीजबचतीचे पाच स्टार शेजाऱ्याला बोलावून दाखवतात. आणि दोन दिवसांनी मला फोन करतात की वारा लागत नाही.

ताराबाई म्हणून एक मावशी आहेत, मागच्या गल्लीत. त्यांनी मला परत बोलावलं. मी पंख्याखाली खिडकीच्या गजाला साडीची काठपट्टी बांधली. पट्टी नागासारखी उडायला लागली.

"बघा मावशी. वारा आहे की नाही?"

"चिंधीला लागतोय रे. मला नाही लागत. तुझा पंखा लाजतो."

"नवा आहे ना. महिनाभरात आवाज सुटेल त्याचा."

हे साफ खोटं होतं. पण त्यांचा चेहरा खुलला. चहापण पाजला.

मी हसायचो या लोकांना. खरं सांगतो, हसायचो.

आता आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, धुडकू पाटील. सव्वीस वर्षं लूमवर. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. आमच्याकडे कोणी म्हणालं खात्यावर चाललो, तर तो बँकेत जात नाही, कापड विणायला जातो. आबा रातपाळीला. संध्याकाळी सातला जायचे, सकाळी सातला सुटायचे, आंघोळ, भाकरी, आणि दहा ते चार झोप.

त्यामुळे आमच्या घरात दिवसा कोणी बोलत नाही. माझा जन्म झाल्यापासून नाही. गल्लीत रीतच आहे, ज्या घरात रातपाळीवाला झोपलाय त्याच्या दाराच्या कडीला रुमाल बांधतात. रुमाल दिसला की भाजीवाला ओरडत नाही, पोरं चेंडू घेऊन पुढे सरकतात. आत आम्ही हातानं बोलतो. ते खात्यातलंच. तिथे मशीनच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हातानं सांगतात. पाणी, धागा तुटला, मास्तर म्हणजे मुकादम आला. आबांनी ते घरी आणलं. मी तोंडानं बोलायच्या आधी हातानं भूक लागली म्हणायला शिकलो, असं माय सांगते.

जुना पंखा खडखड करायचा. एक पातं वाकडं होतं. सुट्टीच्या दिवशी आबा बाहेर गेलेले बघून मी तो उतरवला आणि त्याच संध्याकाळी भंगारात देऊन टाकला. म्हटलं, सव्वीस वर्षं आवाजात काढली या माणसानं. आता त्याला शांत झोपू दे.

पहिल्या दिवशी आबा झोपले नाहीत.

"वारा लागस नही," ते म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "नवा शे. सवय व्हई जाई."

दुसऱ्या दिवशीपण नाही. तिसऱ्या दिवशी मी वेग पाचवर नेला. पंखा इतका जोरात फिरला की कॅलेंडर भिंतीवरून उतरलं. आबा चादर ओढून उघड्या डोळ्यांनी पडून राहिले. चादरीबाहेर त्यांचा उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तसं. धागा नव्हताच.

मग आम्ही घर अजून शांत केलं. हीच आमची चूक, पण तेव्हा आम्हाला तेवढंच सुचलं. मायनं कुकर बंद केला, डाळ पातेल्यात शिजवायला लागली. बांगड्या वर कोपरापर्यंत सरकवून त्यावर फडकं गुंडाळलं. ती साड्यांचं धागाकटिंग घरी आणते, तर कात्रीचा आवाज नको म्हणून ओट्यावर उन्हात जाऊन बसली. मी मोबाईल उशीखाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. खोली इतकी गप्प झाली की स्वतःचा गिळलेला आवंढा ऐकू यायचा. निळ्या उजेडात पंखा फिरत राहायचा आणि मला वाटायचं, वेळ इथे येऊन थांबलाय, फक्त पाती पुढे चाललीत.

आबांचे डोळे लाल होत गेले.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गजेंद्र आला. आबांच्या शेजारच्या लूमवर असतो, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. कडीचा रुमाल बघून त्यानं मला हातानं बाहेर बोलावलं.

"नाना झोपले?" खात्यात आबांना नाना म्हणतात.

"पडलेत."

"काल उभ्या उभ्या झोपले. दोन लूमच्या मधी. मशीनच्या पट्ट्यापासून सदरा इतका लांब होता." त्यानं बोटाचं एक पेर दाखवलं. "मी ओढला म्हणून हात राहिला."

मी दाराच्या फटीतून आबांचा हात बघितला.

"मास्तर म्हनतो, आज झोपून आले तर आत घेईन, नाही तर गेटवरून परत. हात गेल्यावर मी काय जोडून देऊ का." गजेंद्रनं खिडकीतून आत, वर बघितलं. "हा तुझा तो पंखा?"

"हो."

"बंद आहे का?"

"चालू आहे."

"पंख्याऐवजी पाळणा बांधला असता तर झोपले असते," असं म्हणून तो गेला. त्यालापण झोपायचं होतं.

संध्याकाळी सातपर्यंत नऊ तास होते.

मी आत येऊन आबांच्या शेजारी चटईवर आडवा झालो. लहानपणी झोपायचो तसा. आम्ही दोघं वर बघत होतो.

"आबा, खरं सांगा. वारा लागतो ना?"

त्यांनी हात वर करून वाऱ्यात धरला.

"लागस."

"मग?"

त्यांनी कूस बदलली आणि त्यांचा तळवा माझ्या कानावर ठेवला. खरखरीत, गरम.

"काय आयकू येस तुले?"

"काहीच नाही."

"माले येस. कानमा खातं चालू शे."

मला आधी कळलंच नाही. मग ते हळूहळू सांगत गेले, अहिराणीत, छताकडे बघत. की कानात लूम चालतात. कधीपासून, माहीत नाही, पाच वर्षं, दहा वर्षं. जुना पंखा खडखडायचा तोवर ते त्याच्याखाली दबून जायचे. पंखा गप्प झाला आणि ते वर आले. घर जितकं शांत तितके ते मोठे.

"मी घर येस," ते म्हणाले, "अन् खातं बी मन्हामांगे घर येस."

"किती लूम?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

त्यांनी डोळे मिटून मोजले. "बारा."

मी पण डोळे मिटले. ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आलं नाही, पण दिसलं. आबांच्या कानातून पांढरं कापड निघत होतं. थांबतच नव्हतं. चटईवरून, मोरीतून, पडद्याखालून, ओट्यावर माय बसली होती तिच्या पायावरून पांडेसऱ्याच्या रस्त्यावर, आणि त्यावर आबा अनवाणी चालत होते, गाठी मारत मारत.

दचकून उठलो. मी झोपलो होतो. आबा जागेच होते.

तेव्हा मला माझी गिऱ्हाइकं आठवली. त्यातली निम्मी तरी घरं खात्यातली. तेही वारा लागत नाही म्हणाले होते. मी त्यांना चिंध्या बांधून दाखवत फिरलो. त्यांना दुसरं काहीतरी सांगायचं असेल, आणि त्याला शब्द नसेल, म्हणून वाऱ्याचं नाव घेतलं असेल. मला वाटलं अडाणी आहेत.

मोबाईल काढला. पंख्याचा आवाज असं टाकल्यावर दहा तासांचा व्हिडिओ सापडला. दहा तास नुसती घरघर. लावून उशाशी ठेवला. आबांनी लक्ष देऊन ऐकलं.

"हाऊ कोनता पंखा शे? आपला नही."

पण डोळे जड झाले. बोटं सुटायला लागली. मी श्वास धरून बसलो. आणि मध्येच जाहिरात लागली. एक बाई ठणठणीत आवाजात दात किती पांढरे होतात ते सांगायला लागली. आबा ताडकन उठून बसले, म्हणाले, "कोन उनं?"

कोणी आलं नव्हतं.

दाराच्या फटीतून मायनं हात दाखवला. झोपले का? आबांनी हातानंच सांगितलं, नाही.

मी बाहेर गेलो आणि तिला सगळं सांगितलं. कानातलं खातं. बारा लूम. ती कात्री हातात धरून ऐकत राहिली. तिला इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"आपण गप्प बसतो म्हणून त्यांना ते ऐकू येतं, माय. आत येऊन बोल."

"काय बोलू?"

"काहीपण. थांबू नको फक्त."

तिनं कडीचा रुमाल सोडला, हातावरचं फडकं सोडलं, बांगड्या खळकन खाली आल्या. आत येऊन आबांच्या उशाशी बसली आणि लाजली. त्या खोलीत दिवसा मोठ्यानं बोलायचं तिला जमेना. दोनदा घसा खाकरला.

मग माझ्यापासून सुरुवात केली. की हा पोरगा कसा निघाला, चांगला पंखा भंगारात दिला, लोकांच्या घरी जाऊन खोटं बोलतो, ताराबाई रस्त्यात विचारत होती. आबा हसले. डोळे मिटलेलेच. मग ती तिच्या माहेरी गेली, अमळनेरकडे. तिच्या लोटूमामाची म्हैस एकदा बाजारातून येताना दावं तोडून पळाली. मामा तिच्यामागे. म्हैस तापीत उतरली. मामा काठाकाठानं चाललाय, हाका मारतोय, म्हैस पाण्यातून पुढे चाललीय, नुसतं डोकं वर. दुपार झाली. दुसरं गाव आलं, तिसरं आलं.

मायचा दिवसा सलग चाललेला आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. जाडसर होता, कडेला थोडा फाटलेला, आणि एका सुरात चालायचा. तापी इथे सुरतेतपण आहेच. मला वाटायला लागलं की ती म्हैस आज ना उद्या आपल्याकडे पोचणार. खोली निळी होती. वर पंखा पाणी ढवळत होता.

मी आबांच्या हाताकडे बघत होतो. अंगठा बोटावर घासत होता. मामा चौथ्या गावात पोचला तेव्हा एकदा थांबला, परत सुरू झाला. मग थांबला. हात उघडा पडला, तळवा वर.

मायनं बोलता बोलता माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. मी मान हलवली. ती थांबली नाही. थांबायची तिची हिंमतच नव्हती. म्हैस बाहेर आली, मामाच्या बायकोशी भांडण झालं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, लग्नात कढी कमी पडली, नवरदेवाच्या काकाला विंचू चावला. मी तिला पाणी दिलं. ती एका घोटाला थांबायची आणि आबांच्या तोंडाकडे बघत पुढे बोलायची. शेजारच्या बाया दारात आल्या, आतलं बघून उंबऱ्यावर टेकल्या, त्याही ऐकायला लागल्या. एक म्हणाली, कढी कमी पडली तर ताक घालायचं. माय म्हणाली, तेच म्हणत होते मी. आबा घोरत होते.

चार वाजता त्यांनी आपोआप डोळे उघडले. उंबऱ्यावरच्या बाया बघितल्या, मला बघितलं, मग मायकडे वळले.

"म्हैस सापडनी का?"

मायचा आवाज पार बसला होता. जेमतेम ऐकू आलं.

"सापडनी," ती म्हणाली. "चार वाजनात. उठा आते."