शपथेला पैसे पडत नाहीत

कागलच्या कारखान्यात राजवीरच्या पाठीवर लोखंड पडलं, तेव्हा दुखणं थांबायला त्याला गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. गोळ्यांवरून गडी नशेच्या इंजेक्शनवर आला. नोकरी गेली, घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली. शेवटी बापानं, आकारामनं, त्याला कोल्हापूरच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी जिभेखाली विरघळवायची गोळी सुरू केली. तिनं तलफ मरते, माणूस माणसात राहतो. "मधेच बंद करू नका," ते म्हणाले, "वर्ष लागेल, दोन लागतील." औषध, तपासणी, दर आठवड्याची एसटी; दोनातली एक म्हैस त्यातच गेली. पण काय सांगू, पोरगं परत आलं! पहाटे उठून धार काढायला लागलं, आईकडं भाकरी मागून खायला लागलं. बयाबाई नुसती त्याच्याकडं बघत राहायची.

मग म्हशीचे पैसे संपले. गोठ्यात उरलेल्या एका म्हशीच्या दुधावर घर चालत होतं. आकारामचा थोरला भाऊ जोतीराम म्हणाला, "आता ही बी इकणार व्हय? आरं, एक नशा काढून दुसरी लावलीया त्या डॉक्टरानं. पोरगं धडधाकट हाय की! बेल-भंडारा उचलाय लाव, मिटलं."

आकारामला पटलं. पटणारच; शपथेला पैसे पडत नाहीत.

बिरोबाच्या देवळात राजवीरनं बेल-भंडारा उचलला. "आबांच्या गळ्याशपथ, आजपासनं कुठल्याच गोळीला हात लावणार न्हाय." अशी शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही जाणतं.

पहिले काही दिवस कसेबसे गेले. मग पोराला दरदरून घाम सुटायला लागला, पोटात अन्न ठरेना, डोळ्याला डोळा लागेना. आकारामच्या जिवाचं पाणी झालं. त्यानं कुणाला न विचारता म्हैस विकली, कोल्हापूर गाठलं आणि गोळ्यांचं पाकीट आणून पोराच्या हातात ठेवलं.

"खा रं बाळा."

"न्हाय आबा."

"मीच सांगतोय की! ग्येली ती शपथ खड्ड्यात."

"आन तुमास्नी कायतरी झालं तर?"

आकाराम त्याच्या पाया पडायचा तेवढा राहिला. राजवीरनं पाकीट खिशात घातलं, "सांजच्याला बघू" म्हणाला आणि बाहेर पडला.

सांजेला तो रिकाम्या गोठ्यात सापडला. शेजारी सुई पडली होती. पूर्वीएवढी नशा आता त्याच्या अंगाला पेलली नव्हती. खिशातलं पाकीट उघडलेलंही नव्हतं.

आकाराम ठणठणीत आहे. पोरानं गोळीला हात लावला नाही, शपथ पाळली म्हणून बाप वाचला, असं लोक म्हणतात. तो ऐकून घेतो आणि गोठ्यात जाऊन बसतो.

बयाबाई त्यावर एकदाच बोलली. "माझ्या गळ्याची घ्याय लावायची हुती. मी त्येला मोडाय लावली असती. मी मेले असते, पोरगं तरी ऱ्हायलं असतं."